शोकाची सत्ता

अद्भुत शक्तीच्या वीरांच्या कथा मुलांनीं पाहाव्या आणि वडील माणसांनीं त्यांकडे कौतुकानें दुर्लक्ष करावें, असा आमच्या घरचा परिपाठ. परंतु गेल्या महिन्यांत नातीच्या आग्रहास्तव 'वांडाव्हिजन' ही अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका आम्हीं पाहिली, आणि तिच्या आठव्या भागानें तो परिपाठ मोडला. नऊ भागांच्या या मालिकेंतील हा भाग २६ फेब्रुवारी २०२१ रोजीं प्रथम दाखविण्यांत आला. त्यांत मारामारी जवळजवळ नाहींच. आहे तो एका स्त्रीच्या दुःखाचा झाडा.

वांडा ही सोकोव्हिया नामक कल्पित देशांतील मुलगी. अगॅथा नांवाची चेटकीण तिला तिच्याच आठवणींच्या दालनांतून बळेंच फिरविते. आईबाप व जुळीं भावंडें मिळून १९६१ सालीं सुरू झालेला 'द डिक व्हॅन डाइक शो' हा विनोदी खेळ पाहत बसलेलीं असतात. इतक्यांत बाँब पडतो, आईबाप ठार होतात, आणि ढिगाऱ्यांत अडकलेल्या पोरांसमोर दुसरा बाँब न फुटतां पडून राहतो. पडद्यावरचा विनोद मात्र चालूच! पुढें भाऊ पिएत्रो जातो. मग ज्याच्यावर तिनें जीव लाविला तो व्हिजन नांवाचा यंत्रमानवही जातो. त्याच्या देहाचे सुटे केलेले भाग ती डोळ्यांनीं पाहते व मुकाट्यानें निघून जाते. न्यू जर्सींतील वेस्टव्यू गांवीं दोघांच्या म्हातारपणासाठीं त्यानें घेऊन ठेविलेल्या मोकळ्या जागेवर ती कोसळते. तिच्या आक्रोशांतून एक घर व एक नवा व्हिजन उभा राहतो, आणि सबंध गांव तिच्या खोट्या संसारांतील पात्रें होऊन बसतें. एलिझाबेथ ओल्सेन हिचा या प्रसंगींचा अभिनय पाहतांना नातीनें आमचा हात घट्ट धरला, आणि आम्हींही तो सोडविला नाहीं.

येथवर सहानुभूति सोपी आहे. कठीण प्रश्न पुढचा. नवव्या भागांत गांवकरी सांगतात कीं, वांडाचीं दुःस्वप्नें त्यांना पडतात. एक आई तर, आपल्या मुलीला निदान खोलीबाहेर येऊं द्या, अशी याचना करिते. अखेर वांडा तो मायाबाजार मोडते आणि त्याबरोबर पति व दोन मुलगे गमावते. तेव्हां मोनिका रॅम्बो तिला म्हणते कीं, तूं यांच्यासाठीं केवढा त्याग केलास, हें यांना कधींच कळणार नाहीं. या ठिकाणीं आमचें मन लेखकांशीं सहमत होईना. जें बळानें घेतलें तें परत करण्यास त्याग म्हणावें काय? मोनिकेची आईही कर्करोगानें गेली, आणि अंतकाळीं लेक जवळ नव्हती. म्हणून तिनें कोणाला कोंडलें नाहीं. आमच्या सावित्रीनेंही पति परत आणिला; पण तो यमाशीं बोलून, परक्याची मुलगी कोंडून नव्हे.

"मग आजोबा, तिनें करायचें तरी काय होतें?" नातीनें विचारलें. तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आठवलें कीं, आपल्याकडे सुतकाच्या घरीं चूल पेटत नाहीं. शेजारी पिठलें-भात घेऊन येतात. त्या भातानें दुःख हटत नाहीं. पण दुःखी माणूस एकटा राहत नाहीं. याच आठव्या भागांत, भाऊ गेल्यानंतर व्हिजन वांडाच्या शेजारीं नुसता येऊन बसतो, आणि तेवढ्यानें ती सांवरते. तोच गेल्यावर मात्र त्या ओसाड जागेवर तिच्याजवळ बसणारें कोणी उरलें नव्हतें.

यावरून तिचा अपराध माफ होत नाहीं, हें आम्ही सकाळीं नातीला सांगितलें. पण वांडानें काय करावें याहून आपण काय करावें, हा प्रश्न अधिक जवळचा आहे. वाचकहो, ओळखीच्या घरीं कोणी गेलें असेल, तर दूरध्वनीवर चार शब्द टाकून मोकळे होऊं नका. जाऊन बसा. बोलण्यास कांहीं सुचलें नाहीं, तरी चालेल.