दादीचा काढा आणि अम्मीचे बीपी

खोकला झाला की दादी शेजारच्या काकूंच्या परसातून अडुळसा मागवायची. चार-पाच पाने, आल्याचा तुकडा, चार काळी मिरी, दोन पेले पाणी. मंद आचेवर अर्धा पेला उरेपर्यंत उकळायचे, मग गूळ. काकू त्याला आयुर्वेद म्हणायच्या, दादी हकीमसाहेबांचा नुस्खा. झाड एकच. युनानी जोशांद्यातले ‘सपिस्तां’ म्हणजे तरी काय, आपले भोकरच! औषधांचा धर्म शोधणाऱ्यांचे मला हसू येते.

पण हसण्यासारखे नाही ते आमच्याच घरात घडले. २०२० साली कोरोनाच्या काळात आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्यायला सांगितला. आमच्याकडे तो चारदा होऊ लागला. व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून मीच त्यात जेष्ठमधाची भर घातली. अम्मीला बीपीची गोळी आधीपासून चालू होती. दोन महिन्यांत तिच्या पायांवर सूज आली, डोके जड राहू लागले, बीपी १८०च्या वर गेले. डॉक्टरांनी विचारले, “घरी काय घेता?” मी म्हणालो, “काही नाही, नुसता काढा.”

त्या ‘नुसता’ शब्दाची मला अजून लाज वाटते. जेष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे अंगात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम घटते, बीपी चढते. काढा थांबवल्यावर काही आठवड्यांत ते खाली आले.

पाल्यात ताकद असते. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्झिन हे खोकल्याचे औषध तयार झाले. त्याच अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावू शकते, म्हणून गरोदर बाईने तो घेऊ नये. दादीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण पोटुशी सुनेला ती हा काढा देत नसे. तीन दिवसांत उतार पडला नाही तर स्वतःच म्हणायची, चला दवाखान्यात. आम्ही तिची कृती घेतली. माप, मुदत आणि मनाई सोडून दिली.

हे सगळे लिहून ठेवायला हवे. हळदीने जखम भरते, यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. तिथे ‘आमची आजी लावायची’ एवढे सांगून भागले नाही, जुने लिखित पुरावे काढून दाखवावे लागले. आपल्या घरातल्या बायकांचे ज्ञान मात्र कुठल्या वहीत आहे? मी आता एक वही केली आहे. वनस्पती, माप, किती दिवस, आणि ठळक अक्षरात: कुणाला द्यायचे नाही.

गेल्या महिन्यात बहिणीला मुलगी झाली. खाला मधाची बाटली घेऊन आली. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बोटुलिझम होऊ शकतो, असे मी सांगितले. खाला भडकली, “मधात शिफा आहे, हे कुरआनात आहे!” मी म्हणालो, “आहे ना. पण एक दिवसाच्या बाळाला चाटवा, असे कुठे आहे?”

खाला दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, “त्या वहीत माझा ओव्याचा शेक लिहिलास का?”