शालेय मंडळें आणि पुढारीपणाची वाटणी

शालेय वार्षिकांचीं पानें उलटतांना एक गोष्ट सहज नजरेस येते. वक्तृत्व मंडळाचें छायाचित्र घ्या, हस्तलिखित मासिकाच्या संपादकांचें घ्या, स्काउट पथकाचें घ्या, कीं सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या शाखेचें घ्या; मधल्या खुर्चीवर पुष्कळदां तोच विद्यार्थी बसलेला आढळतो. एके ठिकाणीं तो अध्यक्ष, दुसऱ्या ठिकाणीं चिटणीस, तिसऱ्या ठिकाणीं पथकनायक. त्याच्या मागें उभ्या असलेल्या तीस-चाळीस मुलांचीं नांवें खालीं बारीक टायपांत छापलेलीं असतात, व त्यांपैकीं बऱ्याच जणांनीं वर्षभरांत छायाचित्रापुरतें उभें राहण्यापलीकडे कांहीं केलेलें नसतें. ही कोणा एका शाळेची गोष्ट नव्हे. शिवाय हा प्रकार चांगल्या हेतूनेंच घडतो; काम नीट पार पडावें म्हणून शिक्षक हुशार मुलाकडे वळतात. आम्हांस त्या हेतूविषयीं शंका नाहीं, परिणामाविषयीं मात्र आहे.

कॅथॉलिक शाळांतून विद्यार्थ्यांचीं मंडळें असणें ही कांहीं कालपरवांची टूम नव्हे. रोम येथील जेझुइट विद्यालयांत पवित्र मरियेच्या नांवानें विद्यार्थ्यांची पहिली सोडॅलिटी १५६३ सालीं स्थापन झाली. पुढें १५९९ सालीं त्या संघानें आपल्या शाळांसाठीं जी नियमावली प्रसिद्ध केली, तींत पाठांतर ऐकण्याचें काम मुलांपैकींच कांहींजणांवर सोंपविलेलें आहे, आणि वर्गांतील विद्यार्थी-अधिकारी महिना-दोन महिन्यांनीं नव्यानें निवडावे असें सांगितलें आहे. महिना-दोन महिन्यांनीं! आज आपण एकदां जून महिन्यांत बिल्ला लावला कीं तो वार्षिक संमेलनापर्यंत काढीत नाहीं. त्या नियमावलींत श्रेष्ठ अधिकार ज्याचें लेखन सर्वांत सरस त्यास द्यावा असेंहि आहे. पहिली गोष्ट आम्हांस मनापासून पटते, दुसरी पटत नाहीं. उत्तम निबंध लिहिणारा मुलगा उत्तम निबंध लिहितो, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

याहून बोलकें उदाहरण पॅरिसचें आहे. तेथें फ्रेडरिक ओझानाम हा विद्यार्थी आपल्या मित्रांसह एका चर्चामंडळांत इतिहास, धर्म इत्यादि विषयांवर वाद घालीत असे. प्रतिपक्षानें एकदां सवाल टाकला कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं पुष्कळ केलें असेल, पण तुम्ही आज गरिबांसाठीं काय करतां? या सवालाचें उत्तर भाषणानें देतां येण्यासारखें नव्हतें. १८३३ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, ओझानाम व त्याचे थोडे सोबती गरिबांच्या घरीं जाऊं लागले, आणि त्यांतून सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था जन्मास आली. तिची भारतांतील पहिली शाखा १८६३ सालीं पुण्यांत निघाली. १९९७ सालीं ज्यास धन्य म्हणून घोषित करण्यांत आलें, तो ओझानाम या संस्थेचा पहिला अध्यक्ष नव्हता. अध्यक्षपद एमॅन्युएल बेयी नांवाच्या वडीलधाऱ्या गृहस्थांकडे होतें. निवडणुकीच्या आठवड्यांत ज्यांस अन्न गोड लागत नाहीं, अशा आमच्या विद्यार्थिमित्रांनीं ही गोष्ट जरूर ध्यानांत घ्यावी.

मग पुढारीपण शिकावयाचें तें कशांतून? आमच्या मतें मंडळाच्या अगदीं रुक्ष दिसणाऱ्या कामांतून. चिटणिसाचेंच काम पाहा. सभेचा वृत्तांत लिहितांना ज्याचें मत आपणांस मुळींच पटलें नाहीं, त्याचें म्हणणेंहि त्यास प्रामाणिकपणें, दोन शब्द न गाळतां, उतरून काढावें लागतें. आणि पुढच्या सभेंत तें सर्वांदेखत वाचावें लागतें. चौदा वर्षांच्या मुलास याहून कठीण शिस्त कोणती? खजिनदाराचेंहि तसेंच. वर्गणीचा मेळ अकरा रुपयांनीं चुकला, तर तो आपल्या खिशांतून गुपचुप भरून टाकणें सोपें. उभें राहून ‘हिशेब जुळत नाहीं’ असें सांगणें अवघड. तें सांगण्याची ज्यास शाळेंत संवय झाली, तो पुढें सोसायटींत, ग्रामपंचायतींत किंवा पॅरिशच्या समितींत गप्प बसणार नाहीं. परंतु बहुतेक ठिकाणीं वृत्तांत शिक्षक सांगतात व मुलगा उतरवून घेतो, हिशेब शिक्षक ठेवतात व मुलगा सही करतो. अशा वेळीं त्या मुलाच्या पदरीं बिल्ल्याखेरीज कांहींच पडत नाहीं. मुलांच्या हातून थोडें बिघडूं देण्याची तयारी शिक्षकांनीं ठेविली पाहिजे.

आतां मागल्या रांगेंतील मुलांविषयीं. मंडळांच्या सभा बहुधा शाळा सुटल्यावर भरतात. वसईकडील ज्या मुलास परत जाऊन वाडींत बापास हात लावावयाचा असतो, ज्या मुलीस धाकट्या भावंडांना सांभाळावयाचें असतें, ज्यास पाड्यावर जाणारी शेवटची एस्. टी. गांठावयाची असते, तीं मुलें सभेस राहूं शकत नाहींत. आणि मग तीं ‘निरुत्साही’ ठरतात! वस्तुतः जी मुलगी निरक्षर आजीबरोबर बँकेंत जाऊन तिची चिठ्ठी भरून देते, तिला जबाबदारी म्हणजे काय हें शिकविण्याची गरज नाहीं. गरज आहे ती तिला चार लोकांसमोर बोलूं देण्याची. बेडन-पॉवेल यांनीं १९०७ सालीं ब्राउन्सी बेटावर पहिली छावणी भरविली, तेव्हां मोठ्या घरचीं मुलें व कष्टकऱ्यांचीं मुलें मिळून चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीस तिचा नायक दिला, हें येथें आठवण्याजोगें आहे.

यास्तव आमची सूचना अशी कीं, एका विद्यार्थ्याकडे एका वेळीं एकच पद असावें, तें सहामाहीनंतर दुसऱ्याकडे जावें, आणि मंडळांसाठीं आठवड्यांतून एक तास वेळापत्रकांतच राखून ठेवावा. वर्षांत दोन अध्यक्ष झाल्यानें काम थोडें अडेल, समारंभाची शोभाहि किंचित् कमी होईल; आम्हांस तें सोसण्याजोगें वाटतें.

पालकवर्गांत ‘दहावी जवळ आली, आतां हे उद्योग पुरे’ असें म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांची काळजी आम्ही जाणतों. परीक्षा कांहीं टळणार नाहीं. परंतु दोन-दोन शिकवण्यांस वेळ सांपडतो, तर मंडळाचा आठवड्याचा एक तासच कां खुपावा, हें कोडें आम्हांस उलगडत नाहीं. दुसरे पालक असे कीं, ज्यांस आपल्या पाल्याच्या घरच्या कामाविषयीं शाळेंत बोलावयास संकोच वाटतो. त्यांस आमची विनंती आहे कीं, जूनमधील पहिल्या पालकसभेंत त्यांनीं आपलें मूल किती वाजतां घरीं पोंचलें पाहिजे हें वर्गशिक्षकांस मोकळेपणानें सांगावें, म्हणजे सभेची वेळ ठरवितांना त्याचा विचार करितां येईल.