तू कॅननवाला की निकॉनवाला?

आमच्या फोटोग्राफी क्लबात नवीन पोरगा आला की नाव, ब्रँच आणि गाव विचारून झाल्यावर चौथा प्रश्न ठरलेला असतो, "कॅनन का निकॉन?" तो चुकून "सोनी" म्हणाला तर दोन्ही पार्ट्या एक होऊन त्याला धुतात! फेस्टमध्ये फोटो चांगला आहे की नाही हे नंतर, आधी तो कशानं काढला याची चौकशी.

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे 'लॉयल्टी'ला मराठीत काय म्हणतात ते आधी आठवावं लागलं. निष्ठा! देवावर, गुरूवर, फार तर पक्षावर ठेवायची गोष्ट. ती आपण एका काळ्या डब्यावर ठेवतो तेव्हा त्यामागे नक्की काय असतं, हा माझा प्रश्न आहे.

आधी थोडी गंमत. कॅननचा बाजारात आलेला पहिला कॅमेरा म्हणजे १९३६ चा हान्सा कॅनन. त्याच्यावरची लेन्स होती निक्कोर, म्हणजे आज आपण जिला निकॉन म्हणतो त्याच कंपनीची. आणि २०१२ च्या ज्या निकॉन डी-८०० चे गोडवे आमचे सीनियर गात असत, त्याचा सेन्सर बनवला होता सोनीनं. आता बोला, कोण कोणाच्या पार्टीचा?

माझं गाव अड्याळ, भंडारा-पवनी रस्त्यावरचं. आमच्याच तालुक्यात उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचं पवनी गेट आहे. नागझिऱ्यातून आलेला 'जय' नावाचा वाघ इथे होता तेव्हा मोठमोठ्या लेन्स घेऊन लोक यायचे. कॅननच्या मोठ्या लेन्स पांढऱ्या, निकॉनच्या काळ्या, त्यामुळे कोणाची जात कोणती हे एका जिप्सीतून दुसऱ्या जिप्सीत लगेच कळतं. २०१६ मध्ये जय दिसेनासा झाला. त्याचे फोटो मात्र आहेत. त्यातला कोणता कॅननचा आणि कोणता निकॉनचा हे फोटोकडे बघून सांगा, माझ्याकडून समोसा!

मग ही निष्ठा म्हणजे नुसता वेडेपणा का? तसं मला वाटत नाही. तिचं मूळ माउंटमध्ये आहे, म्हणजे लेन्स जिथे बॉडीला बसते त्या गोल तोंडात. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये माउंट ते सेन्सर हे अंतर ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ईएफमध्ये ४४. त्यामुळे निकॉनची लेन्स अडीच मिलिमीटरची रिंग लावून कॅननवर बसवता येते, पण कॅननची निकॉनवर बसवायची तर उणे अडीचची रिंग कुठून आणणार? शिवाय ऑटोफोकससाठी लेन्स आणि बॉडी एकमेकांशी बोलतात ती भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. हाताची सवयही वेगळी, निकॉनची लेन्स उलट्या दिशेने फिरवून बसवायची आणि कॅननची सुलट. थोडक्यात काय, बॉडी एकदा बदलता येते, पण चार लेन्स जमल्या की माणूस अडकतो.

आमच्या गावात लग्नाचे फोटो काढणारे एक भाऊ आहेत. ते पक्के निकॉनवाले. मी एकदा विचारलं, "भाऊ, निकॉनच काहून?" ते म्हणाले, "ज्याच्या हाताखाली शिकलो त्याच्याजवळ निकॉन होता. ऐन हळदीच्या दिवशी लेन्स बिघडली तर पवनीवरून मागून आणता येते. कॅनन घेतला तर कोण देईन?" ही खरी निष्ठा. ती कंपनीवरची नाही, शेजाऱ्यावरची आहे. आणि तिच्यात अक्कल आहे.

पण आता भाऊंना लग्नात व्हिडिओही करावा लागतो, त्यासाठी मिररलेस पाहिजे. निकॉनचं मिररलेस झेड माउंट २०१८ मध्ये आलं. जुन्या लेन्ससाठी कंपनीचा अडॅप्टर मिळतो, पण त्यात फोकसची मोटर नाही. भाऊंच्या दोन जुन्या डी लेन्सना फोकस करायला बॉडीतली मोटर लागते. म्हणजे त्या नव्या कॅमेऱ्यावर बसतील, पण फोकस हातानं करायचा, तोही वरातीत, रात्री! या लेन्स घरच्या धानाच्या चुकाऱ्यातून घेतलेल्या आहेत. एवढी वर्षं एकाच ब्रँडसोबत राहून शेवटी हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून मला म्हणायचं आहे की निष्ठा एकतर्फी आहे. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणलं तेव्हा आधीच्या एफडी लेन्सवाल्यांना वाऱ्यावर सोडलं. निकॉनने १९५९ चं एफ माउंट जवळपास साठ वर्षं सांभाळलं, याबद्दल सलाम, पण शेवटी त्यांनीही नवीन काढलंच. कोनिका मिनोल्टा २००६ मध्ये कॅमेऱ्याच्या धंद्यातून बाहेर पडली, तिचं माउंट सोनीकडे गेलं आणि आज त्या माउंटचे नवीन कॅमेरे सोनीही काढत नाही. ऑलिंपसने २०२१ मध्ये कॅमेऱ्याचा धंदाच दुसऱ्याला दिला. यात कोणी पाप केलं असं नाही. कंपनी फायदा बघणारच. मग गिऱ्हाईकाने काय बघायचं?

माझं मत असं की ब्रँड बघू नका, दार किती उघडं आहे ते बघा. सोनीने २०११ मध्ये ई-माउंटची मूळ माहिती इतर लेन्स कंपन्यांना फुकट दिली. आज त्या माउंटला सिग्मा, टॅमरॉन अशा कितीतरी कंपन्यांच्या लेन्स मिळतात. कॅननने २०२२ मध्ये आरएफ माउंटच्या बाहेरच्या ऑटोफोकस लेन्सना अडवलं, आणि २०२४ मध्ये लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांपुरती सिग्मा-टॅमरॉनला परवानगी दिली. ऑलिंपस आणि पॅनासॉनिकने २००८ मध्ये एकच माउंट वापरायचं ठरवलं, लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा २०१८ मध्ये एका माउंटवर एकत्र आले. म्हणजे हे होऊ शकतं! युरोपियन युनियनने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनसोबत डिजिटल कॅमेऱ्यांनाही यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचं केलं. चार्जरचं भोक एक होऊ शकतं, तर लेन्सचं तोंड उद्या का नाही? आपण इंजिनियर होणार आहोत मित्रांनो, स्टँडर्ड हा शब्द फक्त परीक्षेपुरता ठेवू नका.

आता मुद्द्याचं. या वर्षी क्लब सगळ्यांच्या वर्गणीतून कॅमेरा घेणार आहे आणि मतदान 'कॅनन विरुद्ध निकॉन' असं ठेवलंय. माझी विनंती आहे की मतपत्रिकेवर कंपनीचं नाव नको. आधी यादी करू: हॉस्टेलमध्ये कोणाकडे कोणत्या लेन्स आहेत, त्या माउंटला बाहेरच्या कंपन्यांच्या स्वस्त लेन्स किती मिळतात, आणि चार वर्षांनी आपले ज्युनियर त्या कोणत्या बॉडीवर लावतील. या तीन प्रश्नांची उत्तरं नोटीस बोर्डवर लावा, मग मत टाका. उत्तर कॅनन आलं काय अन् निकॉन आलं काय, मी मुकाट्यानं वर्गणी देईन.