चेकॉव्ह संडासात होता

आपल्यातली शिकलेली पोरं हल्ली रात्र रात्र जागून इंग्रजी मालिका बघतात. बघा, जरूर बघा. जगातली कुठलीच गोष्ट कोणाच्या बापाची नाही. पण बघून झाल्यावर जो वाद घालता, त्याबद्दल बोलायचंय.

'स्टार ट्रेक' घ्या. ही अमेरिकन मालिका १९६६ साली टेलिव्हिजनवर आली. तेविसावं शतक, अंतराळयान, आणि माणसामाणसातला काळा-गोरा भेद संपलेला. तीन वर्षांत बंद पडली, पण भक्तांनी मरू दिली नाही. पुढं सिनेमे झाले, नव्या मालिका झाल्या. भक्त म्हणतोय ते उगाच नाही. एकेका भागाचं असं पारायण केलंय लोकांनी, की कीर्तनकार लाजावा. आणि पारायण करणाऱ्याला जे सापडतं तेच त्यांना सापडलं. गोष्टीतल्या चुका.

सगळ्यात गाजलेली ऐका. फेब्रुवारी १९६७ मधल्या 'स्पेस सीड' भागात खान नूनियन सिंग नावाचा खलनायक येतो. १९८२ च्या 'द रॅथ ऑफ खान' सिनेमात तो परततो आणि चेकॉव्ह नावाच्या अधिकाऱ्याला बघताक्षणी ओळखतो. आता चेकॉव्ह मालिकेत आला तोच मुळी दुसऱ्या हंगामात, सप्टेंबर १९६७ ला. खान येऊन गेल्यावर! मग ओळखला कसा? झाली घासाघीस सुरू. कोणी म्हणे, चेकॉव्ह यानावर होताच, पण रात्रपाळीला, म्हणून आपल्याला दिसला नाही. चेकॉव्हचं काम करणारा नट वॉल्टर कोनिग चाहत्यांच्या मेळाव्यात सांगायचा, की चेकॉव्ह संडासात बसला होता आणि खान बाहेर ताटकळला, म्हणून तोंड लक्षात राहिलं. नट शहाणा. त्यानं हसून सोडलं.

पण ह्याच खानाचं तोंड जरा नीट बघा. यानावरची इतिहासाची जाणकार बाई सांगते की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख. पगडी नाही, दाढी नाही. काम करणारा रिकार्दो मोंतालबान मेक्सिकोचा, वर तपकिरी रंग फासलेला. पटकथेच्या पहिल्या खर्ड्यात हा खलनायक उत्तर युरोपी वळणाच्या नावाचा गोरा होता, हॅराल्ड एरिक्सन. पडद्यावर येईतो तो आमच्याकडचा झाला. पुढं २०१३ साली 'इन्टू डार्कनेस' मध्ये हाच खान गोरापान इंग्रज नट बेनेडिक्ट कंबरबॅच होऊन आला. तेव्हा मात्र बोंब झाली. मग चित्रकथेच्या पुस्तकातून उत्तर आलं, की शस्त्रक्रिया करून खानाचा चेहरा न् आवाज बदलला होता, आठवणीसुद्धा. वा रे पठ्ठे! नट निवडला स्टुडिओनं आणि आळ घेतला गोष्टीतल्या डॉक्टरानं.

क्लिंगॉनांची कथा तीच. ही परग्रहावरची लढाऊ जात. १९६७ साली ती दाखवताना खर्च फारसा नव्हता. तोंडाला काळपट रंग आणि ओठावरून लोंबणाऱ्या मिशा, म्हणजे गोऱ्या प्रेक्षकाच्या डोक्यातला आशियातला शत्रू जसा असतो तसा. १९७९ च्या सिनेमात पैसा आला आणि क्लिंगॉनांच्या कपाळावर हाडाच्या कंगोऱ्या उगवल्या. कपाळ बदललं कसं, ह्यावर सव्वीस वर्षं वाद चालला. १९९६ च्या एका भागात मालिकेनं स्वतःच चेष्टा केली. क्लिंगॉन पात्र म्हणतं की हा विषय आम्ही परक्यांशी बोलत नाही. पण भक्तांना चेष्टा पुरत नाही. अखेर २००५ ला दोन भाग खर्ची घालून उत्तर दिलं, की विषाणू पसरला न् कंगोरे गेले. कपाळाचा निकाल लागला. तोंडाला फासलेल्या रंगाचं काय?

ह्या बुजवाबुजवीला ते 'रेटकॉन' म्हणतात, आणि अधिकृत गोष्टीला 'कॅनन'. कॅनन हा शब्द चर्चमधला, बायबलात कुठलं पुस्तक धरायचं न् कुठलं नाही ते ठरवणारा. शब्द बरोबर उचललाय. पोथी चुकणं शक्य नाही, तुझी समज चुकली, म्हणून हे घे भाष्य. हा धंदा आपल्याला माहीत आहे.

सगळे चाहते असले नाहीत, तेही सांगतो. उहुरा ही यानावरची काळी अधिकारी, काम करणारी निशेल निकोल्स. पहिल्या हंगामानंतर ती सोडून चालली होती, मार्टिन ल्यूथर किंग यांनी थांब म्हटलं म्हणून थांबली, असं ती सांगायची. कॅप्टन कर्कच्या नावातली मधली अक्षरंसुद्धा लोकांना पाठ. उहुराला पहिलं नाव पडद्यावर मिळालं २००९ साली. त्रेचाळीस वर्षांनी! चाहत्यांनी आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी तिला ते कधीच देऊन टाकलं होतं.

आपल्याकडं जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, म्हणून तिची आठवण इथं काढतोय. ब्रह्मदेवाच्या तोंडातून बामण, पायातून शूद्र, ही गोष्ट ते समोर घेतात आणि सरळ हिशेब मांडतात. जन्म द्यायच्या जागा चार, तर विटाळही चार ठिकाणी. मग हा देव महिन्यातले सोळा दिवस बाहेर बसायचा काय? आणि इंग्रज कुठून निघाले, मनूच्या यादीत ते कसे नाहीत? तुमच्या भाषेत हे 'प्लॉट होल'च. पण जोतीराव भोक बुजवायला बसले नाहीत. गोष्ट रचली कोणी, आणि ती खरी मानल्यानं फुकट कोण जेवतं, इथवर गेले. बाबासाहेबांनी 'रिडल्स इन हिंदुइझम' मध्ये पोथ्यांचेच दाखले देऊन तेच केलं. १९८७ ला शासनानं ते छापलं तेव्हा राम-कृष्णावरचं परिशिष्ट काढा म्हणून केवढा गदारोळ झाला, आणि १९८८ ला ते राहावं म्हणून आपली माणसं मुंबईच्या रस्त्यावर कशी उतरली, हे घरातल्या थोरांना विचारा.

चेकॉव्हची चूक काढली म्हणून कोणी अंगावर येत नाही, कारण तिच्यावर कोणाची भाकरी नाही. खानाच्या रंगावर आहे. तपकिरी नटाला काम द्यायचं की रंगाची डबी आणायची, हा रोजीरोटीचा सवाल आहे. लिहिणाऱ्याचाही तोच. सॅम्युएल डिलेनी हा काळा लेखक. त्याची 'नोव्हा' कादंबरी 'अॅनालॉग' मासिकाच्या जॉन कॅम्पबेल या संपादकानं क्रमशः छापायला नाकारली. कादंबरी आवडली होती. नायक काळा, तो वाचकांना आपला वाटणार नाही, एवढंच कारण. हे डिलेनीनं स्वतः लिहिलंय.

१९९८ साली 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन' मालिकेत 'फार बियाँड द स्टार्स' नावाचा भाग आला. एव्हरी ब्रूक्स ह्या काळ्या नटानं तो दिग्दर्शित केला न् प्रमुख कामही केलं. १९५३ चं न्यूयॉर्क. बेनी रसेल विज्ञानकथेच्या मासिकात लिहितो. त्याच्या कथेतला अंतराळ स्थानकाचा कॅप्टन काळा आहे. संपादक छापत नाही. मग एक सहकारी तोड काढतो, की शेवटी हे सगळं स्वप्न होतं असं लिही. बेनी तेवढंही कबूल करतो, संपादकही कबूल होतो. मासिकाचा मालक अख्खा अंक लगद्यात घालतो आणि बेनीला कामावरून काढतो.