बीं कोणाच्या कणगींत राहणार?

जमीन कोणाची, हा प्रश्न आपल्या शेतकरी बंधूंस शिकवावा लागत नाहीं. बांध हातभर सरकला तरी आपण तालुक्याच्या कचेरीचे उंबरठे झिजवितों, मोजणी मागवितों, फेरफारास हरकत घेतों. परंतु त्याच जमिनींत पडणारें बीं कोणाचें, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत, सातबाऱ्याचे नमुने लिहिण्यांत गेलें. धारकाचें नांव, इतर हक्कांतील बोजा, पिकाचें नांव, क्षेत्र, जलसिंचित कीं अजलसिंचित, हें सर्व मीं लिहिलें. पण पीक कोणत्या जातीचें, बियाणें घरचें कीं विकतचें, असा रकाना मला कधीं भरावा लागला नाहीं. ज्या हक्काची नोंदच नाहीं, तो हातचा गेला तरी त्याची वर्दी कोणी देत नाहीं. बियाण्याच्या बाबतींत असेंच होत आलें आहे.

जनुकीय बदल केलेल्या बियाण्याविषयीं सध्यां दोन पक्ष हिरीरीनें भांडत आहेत. एक त्यास विष म्हणतो, दुसरा संजीवनी. माझें नम्र मत असें कीं, बीं प्रयोगशाळेंत कसें घडलें हें अवश्य तपासावें. परंतु तें दुसऱ्या वर्षीं शेतकऱ्याच्या हातीं राहतें कीं नाहीं, हा प्रश्न त्याहूनही मोठा आहे. दोन उदाहरणांवरून हें स्पष्ट होईल.

पहिलें उदाहरण आपल्या उपनगर जिल्ह्यांतलेंच आहे. कुर्ला तालुक्यांतील ट्रॉम्बे येथें १९५४ सालीं अणुशक्तीच्या संशोधनाचें केंद्र निघालें; १९६७ पासून तें भाभा अणुसंशोधन केंद्र या नांवानें ओळखलें जातें. घाटकोपर-मुलुंडकडील लोकांस तें अणुभट्ट्यांमुळें ठाऊक आहे. शेंगा आणि कडधान्यें पिकविणाऱ्यांस मात्र तें निराळ्या कारणानें ठाऊक असावें. तेथील शास्त्रज्ञ बियांवर क्ष-किरण किंवा गॅमा किरण सोडतात. त्या योगें बियांच्या आनुवंशिक द्रव्यांत फेरबदल होतात. बहुतेक फेरबदल निरुपयोगी असतात. परंतु हजारों रोपांत एखादें बुटकें, लवकर पक्व होणारें वा टपोऱ्या दाण्याचें रोप निघतें. तें निवडून, चांगल्या जातींशीं त्याचा संकर करून, पिढ्यानपिढ्या पेरून नवी जात स्थिर करतात. किरण बियांवर एकदांच पडतात. पुढील पिकांत त्यांचा अंशही राहत नाहीं.

या रीतीनें तेथें भुईमूग, उडीद, मूग, तूर इत्यादि पिकांच्या साठांहून अधिक जाती निघाल्या. १९८५ चा टीएयू-१ उडीद व १९९१ चा टीएजी-२४ भुईमूग यांच्या नांवांतील पहिलें अक्षर ट्रॉम्बेचें व दुसरें अकोल्याचें, कारण त्या अकोल्याच्या कृषि विद्यापीठाच्या साहाय्यानें सिद्ध झाल्या. टीएयू-१ नें महाराष्ट्रांतील उडदाचें फार मोठें क्षेत्र व्यापलें. हे सरळ वाण आहेत. पहिल्या वर्षीं पिशवी आणावी, पीक चांगलें निघाल्यास शेंगा निवडून राखाव्या आणि पुढील हंगामीं त्याच पेराव्या. शेजाऱ्यास बीं वाढी-दिढीनें देतां येतें. जनुकांत माणसानें ढवळाढवळ केली ती येथेंही; परंतु बीं शेतकऱ्याच्या कणगींत राहिलें.

दुसरें उदाहरण कापसाचें. आपणांपैकीं पुष्कळांचें बिऱ्हाड अंधेरी-बोरिवलीस असलें तरी जमीन वऱ्हाडांत वा खानदेशांत आहे. त्यांस हा इतिहास परका नाहीं. २६ मार्च २००२ रोजीं केंद्र सरकारच्या समितीनें बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांस परवानगी दिली. मातींतील एका जिवाणूचें जनुक या कापसांत घातलेलें आहे. त्यामुळें झाडांत बोंडअळीस मारणारें प्रथिन तयार होतें. आरंभीं फवारण्या कमी झाल्या व उत्पन्न वाढलें, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु हें जनुक आपल्याकडे जवळजवळ केवळ संकरित वाणांतूनच विकलें गेलें. संकरिताच्या सरकीपासून उगवलेलें पीक एकसारखें येत नाहीं; म्हणून दर मृगास नवी पिशवी घेणें प्राप्त झालें. आरंभीं ४५० ग्रॅमच्या पिशवीस सुमारें १६०० रुपये पडत. २००६ सालीं आंध्र प्रदेश सरकारनें दाद मागितल्यावर किंमत सुमारें ७५० रुपयांवर आली. सरकारी संस्थांनीं काढलेला सरळ वाणाचा बीटी कापूस २००९ सालीं शेतकऱ्यांपर्यंत आला, पण त्यांत दुसऱ्याच जनुकाचा अंश आढळल्यानें त्याची विक्री लगेच थांबली. पुढें असे वाण निघाले खरे, पण तोंवर बाजार संकरितांनीं व्यापला होता.

याचे परिणाम समाजावर व सृष्टीवर दोन्हीकडे झाले. घरांतील वडीलधारी बाई राख लावून, मडक्याचें तोंड लिंपून बीं राखीत असे. कापसापुरतें तें ज्ञान संपलें. बीं उधारीवर आलें, आणि दुकानदार सांगेल तें घेणें भाग पडलें. शेतांत पाहावें तों, स्वातंत्र्याच्या वेळीं देशांतील बहुतेक कापूस देशी होता; आज बहुतेक क्षेत्र बीटी संकरितांचें आहे. अळीस प्रतिकारशक्ति येऊं नये म्हणून कडेनें बिगर-बीटीच्या ओळी पेरावयाच्या असत. फार थोड्यांनीं त्या पेरल्या. शिवाय लांब मुदतीचीं झाडें उन्हाळ्यापर्यंत उभीं राहिलीं व गुलाबी बोंडअळीस वर्षभर आसरा मिळाला. २०१७ च्या हंगामांत तिनें महाराष्ट्रांत बोंडें पोखरलीं, आणि त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व शेतमजूर दगावले. जें बीं फवारणी वांचविण्यासाठीं आणलें, त्याच्याच शेतांत माणसें फवारणीनें मेलीं.

कायदा मात्र शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. वाण-संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या कलम ३९ अन्वयें शेतकऱ्यास आपल्या पिकाचें बीं राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा व विकण्याचाही हक्क आहे. छापाच्या नांवानें मात्र विकतां येत नाहीं. परंतु संकरिताच्या बाबतींत हा हक्क म्हणजे नकाशावर दाखविलेला आणि जागेवर कांट्यांनीं बुजलेला रस्ता होय. कायदा आडवा येत नाहीं. बींच आडवें येतें.

कोणी म्हणतील, संकरितानें बाजरीचें उत्पन्न वाढविलें, मग त्यास दोष कां? दोष संकरितास नाहीं. जेथें विकतच्या बियाण्याचा खर्च वाढीव पिकांतून निघतो तेथें तें जरूर घ्यावें. दोष निवड उरूं न देण्यास आहे. १० जून २०१९ रोजीं अकोला जिल्ह्यांतील अकोली जहांगीर येथें शेतकरी संघटनेनें परवानगी नसलेलें तणनाशकास दाद न देणारें कापसाचें बीं उघडपणें पेरलें. नवें तंत्र मिळण्याची त्यांची तळमळ मी समजूं शकतों. परंतु चोरट्या बियाण्यास पावती नसते, आणि पीक बुडाल्यावर पावती व पिशवीवांचून तक्रार उभी राहत नाहीं, हें कचेरींत बसलेला मनुष्य जाणतो.

आतां कर्तव्य काय? भुईमूग, उडीद, भात, गहूं यांचें बीं प्रत्येकानें एका तुकड्यांत वेगळें करावें, भेसळ रोपें उपटावीं, आणि पेरणीपूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून उगवण मोजावी. संस्थेनें सभासदांच्या बियाण्याची नोंदवही ठेवावी: जात कोणती, कोणाकडून, कोणत्या सालीं. ई-पीक पाहणींत शेतकरी आपल्या पिकाची नोंद आतां स्वतः करतो. तींत जात व बियाण्याचें मूळ हींही सक्तीनें नोंदविलीं जावीं, अशी मागणी आपण करावी. तसेंच मे २०२५ मध्यें केंद्र सरकारनें जनुक-संपादनानें घडविलेले भाताचे दोन वाण जाहीर केले, ते सरकारी संस्थांचे आहेत. ते राखून पुन्हा पेरण्यास मोकळे राहतील कीं नाहीं, याच्या अटी बीं बाजारांत येण्यापूर्वीं मराठींत छापून मिळाव्या.

जमिनीचा हक्क आपल्या वाडवडिलांनीं कागदोपत्रीं राखला. बियाण्याचा हक्क कागदावर आहे. तो शेतांत आणि कणगींत राखणें आपल्या हातीं आहे. येत्या हंगामीं निदान एका पिकाचें बीं प्रत्येक घरांत राहिलें, तरी आरंभ झाला असें म्हणतां येईल.