रविवारचे दोन तास द्या
कर्वेनगरमध्ये राहणाऱ्या आयटीकरांना जाहीर आवाहन



सकाळी कमिन्स कॉलेजच्या रस्त्यावर चहाला थांबलात, तर दोन प्रकारची माणसं दिसतील. गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून वारज्याच्या पुलाकडे, हिंजवडीच्या बससाठी धावणारे आपण. आणि त्याच टपरीवर एका कटिंगमध्ये दोघं भागवणारी, पाठीला सॅक लावून क्लासला निघालेली मुलं-मुली. कोणी लातूरचं, कोणी बुलढाण्याचं, कोणी सोलापूरकडचं. बीई, बीसीएस, एमसीए झालेली. एका खोलीत चौघं, कॉट बेसिसवर. गावी सांगून आलेत, ‘सहा महिन्यांत लागेल.’ सहाचं वर्ष कधी झालं ते कळलंही नाही.

ज्या कॉलेजात कंपन्या येतात तिथल्या मुलांना निदान रांग कुठे लागते ते माहीत असतं. या मुलांच्या कॉलेजात एकही कंपनी फिरकली नाही. ऑफ कॅम्पसच्या लिंका ग्रुपवर येतात, त्या भरेपर्यंत बंद होतात. बहुतेक ड्राइव्ह ठरावीक बॅचसाठीच असतात. वर्ष उलटलं की तीही वाट बुजते.

आमच्यापैकी काहींनी या मुलांच्या मुलाखती घेऊन पाहिल्या. जावा येते, एसक्यूएल येतं. अडतं ते भलत्याच ठिकाणी. रेझ्युमेवर बारा तंत्रज्ञानांची नावं, आणि विचारलं जातं नेमकं त्यातलं सर्वांत कच्चं. प्रोजेक्ट ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’चा, पण पेशंटचं टेबल डॉक्टरच्या टेबलाशी कसं जोडलं, हे सांगता येत नाही. कोड लिहिताना मूग गिळून बसतात. डोक्यात काय चाललंय ते बोलत राहावं, समोरच्याला तेच ऐकायचं असतं, हे कोणी सांगितलेलंच नाही. ‘येत नाही’ हेसुद्धा नीट सांगता येतं, हे ठाऊक नाही. ज्या घरात आधी कोणी या क्षेत्रात नव्हतं, तिथे हे सांगणार तरी कोण? आपल्यालाही कोणा सिनिअरने, कोणा मावसभावाने सांगितलं होतं. आपण विसरलो, एवढंच.

शिकवण्यासाठी वेळ देणं या जागेला नवं नाही. कर्वेनगर हे पूर्वीचं हिंगणे. 1896 मध्ये विधवांसाठी सुरू केलेला आश्रम अण्णासाहेब कर्व्यांनी 1900 मध्ये इथल्या माळावर एका झोपडीत आणला. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि काम आटोपलं की चिखल तुडवत हिंगण्याला चालत यायचं, हा त्यांचा क्रम होता. त्या आश्रमातून उभ्या राहिलेल्या संस्थेने 1991 मध्ये इथे मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. संस्थेचे कार्यकर्ते भाऊबीज निधीसाठी घरोघर जात आले आहेत. आम्हीही तुमच्या दारात तसेच आलो आहोत. फक्त पाकीट राहू द्या, वेळ द्या.

आमच्या मागण्या अशा:

1. महिन्यातून एका रविवारी दोन तास. दोन मुलं, प्रत्येकी पाऊण तास सराव मुलाखत आणि पंधरा मिनिटं मोकळं बोलणं. प्रश्नाचं उत्तर आधी मराठीत मागा. विषय कळलाय की पाठ केलाय ते लगेच समजतं. मग तेच इंग्रजीत सांगायला लावा.

2. रेफरल द्यायचं तर मुलाखत घेऊन द्या. न पाहता पुढे ढकललेल्या रेझ्युमेने ना त्या मुलाचं भलं होतं, ना तुमच्या शब्दाची पत राहते. आणि नकार आलाच, तर शक्य असेल तेवढं कारण त्याच्यापर्यंत पोहोचवा. ‘कळवतो’ म्हणून गप्प बसू नका.

3. टेस्टिंग किंवा सपोर्टमधून सुरुवात केलेले तुमच्यात कमी नाहीत. ते उघडपणे सांगा. डेव्हलपर नाही झालो तर शिक्षण फुकट गेलं, असं समजून ही मुलं हातची संधी सोडतात.

4. खोट्या अनुभवाच्या पत्राचा सल्ला चुकूनही देऊ नका. पडताळणीत भविष्यनिर्वाह निधीची नोंद तपासली जाते, आणि रुजू झाल्यावरही घरी बसावं लागतं.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना विनंती: हॉल रविवारी सकाळी रिकामाच असतो. दोन टेबलं, पंखा आणि वायफाय एवढं पुरे. खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी आणि मेसवाल्या काकूंनी हे आवाहन भिंतीवर लावावं. ही मुलं सोसायटीच्या फलकापर्यंत पोहोचत नाहीत, जेवायला मात्र येतात.

आता नोकरी शोधणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यासाठी. एका पानाचा रेझ्युमे घेऊन या. त्यावर तेवढंच लिहा, ज्याबद्दल दहा मिनिटं बोलू शकता. इथे नोकरी मिळेल असं वचन आम्ही देत नाही. चार चुका मुलाखतीआधी कळतील, हे नक्की. कोणी नोकरीसाठी डिपॉझिट मागितलं, मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणालं, तर तिथून उठा. ऑनलाइन पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. फसलेला पैसा पहिल्या काही तासांतच अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

यात फी नाही, फॉर्म नाही, उद्घाटन नाही. आयटीकरांनो, सोसायटीच्या फलकावर एक कागद लावायचा. त्यावर आपलं नाव, कुठला विषय विचारू शकता ते, आणि जमणारा रविवार. पहिलं नाव लिहायला सगळेच कचरतात, म्हणून आमच्या इमारतीत आम्ही आमची आधीच लिहून ठेवली आहेत. त्याखाली जागा भरपूर आहे.

आपले नम्र,
कर्वेनगरमधील काही आयटीकर रहिवासी