कचरा आहे, विणकर आहे. खुर्ची कोण करणार?

ऑनलाइन मागवलेले शूज आपल्या घरी येतात ते बऱ्याचदा भिवंडीच्या गोदामातून. माणकोली, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात गोदामांच्या रांगाच आहेत. माल सुटा केला की त्याभोवतीची पारदर्शक फिल्म, बबल रॅप, पिशव्या तिथेच उरतात. शूज आपले, कचरा भिवंडीचा!

याच भिवंडीत आधी हातमाग होते, मग यंत्रमागांची खटखट ही शहराची ओळख झाली. आता मंदीमुळे बरेच माग भंगारात गेलेत. एकीकडे प्लास्टिक पडून, दुसरीकडे विणणारे हात रिकामे. यांची गाठ का घालू नये?

पुण्यात अमिता देशपांडे यांच्या ‘रीचरखा’ने ती घातली आहे. तिथे टाकाऊ पिशव्या आणि रॅपर धुऊन, वाळवून त्यांच्या लांब पट्ट्या कापतात, चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर विणतात. प्लास्टिक वितळवायचं नाही, त्यामुळे धूरही नाही. त्यातून बॅगा वगैरे तयार होतात. मग अशाच पट्ट्यांची नवार करून लाकडी चौकटीवर स्टूल, खुर्ची, खाट का विणू नये? फक्त ती घरातच ठेवायची, कारण उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं.

कडक प्लास्टिकसाठी वाट वेगळी. नेदरलँड्सच्या डेव्ह हॅकेन्सने २०१३ मध्ये ‘प्रेशस प्लास्टिक’ सुरू केलं. प्लास्टिकचा चुरा करून त्याच्या फळ्या दाबणाऱ्या यंत्रांचे आराखडे नेटवर फुकट मिळतात. पण त्यात पीव्हीसी चालत नाही. तापलं की घातक वायू सुटतो. म्हणून वर्गीकरण आधी, डिझाइन नंतर.

आणि खरं सांगू? फेस्टमध्ये बाटल्यांची खुर्ची करायची, सेल्फी काढायचा आणि संध्याकाळी ती कचऱ्यात टाकायची, याला रिसायकलिंग म्हणत नाहीत. खुर्ची टिकली पाहिजे, विकली गेली पाहिजे आणि तिच्या किमतीतला वाटा कचरा वेचणाऱ्या ताईंना, विणणाऱ्या चाचांना मिळाला पाहिजे. प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी पॅकिंग बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवरही जबाबदारी टाकली आहे. मग कचरा वेगळा करण्याचा खर्च त्यांनीच उचलावा.

फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताय? एक शनिवार भिवंडीत या, चाचांशेजारी बसा. डिझाइन तुमचं, वीण त्यांची. अट एकच: पहिली खुर्ची स्वतःच्या घरात वर्षभर वापरायची.